ताईच्या मापाची खुर्ची

४ मार्च
अक्कल विकली जाते का हो दुकानात? भाचीने आईसाठी, म्हणजे आमच्या ताईसाठी, खुर्ची पाठवली. लठ्ठ, मऊ, हातांवरसुद्धा उशा! ताई बसली ती रुतलीच. उठायला गेली, पुन्हा आत. शेवटी खालच्या शिंप्याला हाक मारली आणि दोघांनी बगलेत हात घालून तिला बाहेर काढलं. "विहिरीतून म्हैस काढल्यासारखं काय ओढताय!" — इति ताई.

त्या खुर्चीच्या कारागिराला त्याच खुर्चीत बसवावं आणि जेवायला हाक मारावी.

रात्री भाचीचा फोन. "मावशी, डॉक्टर म्हणतात आईचं मोडलेलं हाड जुळलंय. तरी आई स्वतःची उठत नसेल तर महिनाअखेर मी तिला इकडे घेऊन येणार. तूही काही वीस वर्षांची नाहीस."

घेऊन जाणार म्हणे! आमची दारं समोरासमोर. ते दार बंद झालं तर मी भांडू कोणाशी? भिंतीशी?

५ मार्च
खुर्ची मी करणार.

७ मार्च
दाताच्या दवाखान्यात सगळी सकाळ लोकांच्या उठबशा बघत बसले. काय मजा आहे! उठण्याआधी प्रत्येक जण पाय मागे घेतो, खुर्चीखाली. मग नाक गुडघ्यांच्या पुढे येतं, आणि मगच बूड सुटतं! नाक पुढे न आणता उठून बघितलं — जमेना. दोनदा, तीनदा. शेजारची बाई सरकून बसली.

म्हणजे त्या लठ्ठ खुर्चीत ताईचे पाय मागे जाणार कुठून? पुढून सगळी बंद, पेटाऱ्यासारखी!

जन्मभर लाकूड खरवडलं, पण माणूस उठतो कसा हे आज पाहिलं.

"आजी, तुमचा नंबर केव्हाच गेला," दवाखान्यातली पोरगी म्हणाली. आजी म्हणे!

८ मार्च
खालून मोकळी. बैठक कडक. हात पुढे आलेले, दाबून उठायला.

१२ मार्च
जुन्या दरवाजाची फळी रंध्याखाली घातली. वरून काळी, आतून मधासारखी! हा वास आला की मी पुन्हा दहा वर्षांची. भरतकामाचा तास बुडवून शाळेच्या मागे जायचे, बाकं दुरुस्त करणाऱ्या सुताराकडे. आमच्या मिशन शाळेच्या मदरने कान धरून परत आणलं — "मुलींच्या हातात सुई शोभते." शोभते ना! पण लाकडात घुसत नाही.

नंतर ऑफिस, संसार. पण प्रत्येक घरात आधी रंध्याचा कोपरा शोधला, मग देवाचा. "चहात भुसा आहे," हे म्हणायचे. असायचाच. प्यायचे बिचारे.

१६ मार्च
सांधे घट्ट बसले. एक खिळा नाही. स्वतः बसून पाहिलं, उठून पाहिलं. वा!

१८ मार्च
फजिती! ताई बसली आणि तिचे पाय लोंबायला लागले. फळीवरच्या बाहुलीसारखे!

मी माप घेतलं स्वतःच्या गुडघ्याचं आणि वर दोन बोटं वाढवली. ताई माझ्याहून उंच म्हणून. लहानपणी तिचे फ्रॉक मला यायचे ते खालून दुमडूनच. मापायचं काय त्यात?

शिंप्याने दोघींना पाठीला पाठ लावून उभं केलं, ताईला धरून. "मोठ्या बाई आता धाकट्या झाल्या की!"

"खुर्ची यालाच शिवायला द्यायची होतीस," ताई म्हणाली.

आयुष्यभर दिसेल त्याला गुण्या लावून काटकोन तपासणारी मी. आणि हिला कधी मापलंच नाही. कधी झिजली ही? रोज तर बघते.

१९ मार्च
खुर्चीचे पाय कापले. चारही. नंतर बराच वेळ त्या चकत्या हातात घेऊन बसले.

२२ मार्च
भाची आली. दारातच तोफ — "मावशी, ही म्हणजे शाळेतली खुर्ची वाटते!" मी ताईला तिच्यात बसायला सांगितलं.

ताईने पाय मागे घेतले. नाक पुढे. हात दाबले. थांबली. आणि उठली! कोणाचं बोट न लागता! वर भाचीला म्हणते, "रडतेस काय, चहा टाक."

"राहा बाई इथेच," भाची डोळे पुसत म्हणाली. मला मूठभर मांस चढलं. जिंकले!

२३ मार्च
ताई स्वतः उठून, काठी टेकत माझ्या दाराशी आली. म्हणाली, "परवा मी लेकीबरोबर जाते. मला केव्हाचं जायचं होतं गं. पण गाठोड्यासारखं उचलून नेलेलं नको होतं."

खुर्ची बरोबर नेणार आहे. डाव्या हाताची कड टोचते म्हणाली. उद्या घासून देते.