तयारी पूर्ण आहे

प्रिय प्रिती,

तुझी नेमणुकीची ऑर्डर आल्यापासून बाबांचे पाय जमिनीवर नाहीत. लोअर परळच्या आपल्या अख्ख्या चाळीत पेढे वाटून झाले. नागपूरची नोकरी सोडून लेक आता आईच्याच हॉस्पिटलात, आईच्याच कॅज्युअल्टीत नर्स होणार, असं भेटेल त्याला सांगतात. तू फोनवर विचारलंस, आई, येऊ ना? मी भाजी करपतेय म्हणून फोन ठेवला. भाजी करपत नव्हती गं.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे तपासणी झाली. कुठे किरणोत्सर्गाचा अपघात झाला आणि अंगावर ती धूळ घेऊन माणसं आली, तर हॉस्पिटल काय करणार, हे बघायला तज्ज्ञ आले होते. अशा पेशंटला धुवायला आपल्याकडे वेगळी खोली आहे म्हणे. आम्ही तिला अडगळ म्हणायचो. मोडकी स्ट्रेचर बाहेर काढली, फिनाइल मारलं, झाली खोली तयार. धुतलेलं पाणी टाकीत साठवायचं असतं. टाकी बांधलेलीच नाही. पाणी सरळ गटारात जातं आणि ते गटार आपल्या चाळीच्या मागून वाहतं.

मग मीटर. अंगावर किरणोत्सर्ग आहे की नाही, हे तोच सांगतो. तज्ज्ञ बाईंनी चाचणीचा छोटा स्रोत त्याच्यासमोर धरला, तर मीटर ढिम्म. उलटा करून पाहिला, तर तोंडावरच्या पातळ पडद्याला भोक आणि भोवती वाळलेलं हळदकुंकू. दसऱ्याला मी चैत्यभूमीवर होते, इकडे सगळ्यांनी यंत्रांची पूजा केली. रामू ब्रदरने बीपीच्या मशीनला लावलं, मॉनिटरला लावलं, तसं यालाही अंगठा दाबून मनोभावे लावलं. त्याला काय बोलणार? तो पडदा इतका नाजूक असतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मीटर मेलेला आणि कुणाला पत्ता नाही.

आमचे प्रमुख उन्मेष सर भारी हुशार. त्यांनी कॅन्सर विभागातून दुसरा मीटर मागवला आणि सराव उरकला. खोटा पेशंट आणला, तेव्हा मोठे डॉक्टर दाराबाहेरून सूचना देत होते. कपडे कापायला, अंग पुसायला पुढे कोण? नुकत्याच लागलेल्या नर्स मुली. बाई म्हणाल्या, मीटर चालत असेल आणि अंगावर नीट गाऊन, मास्क असेल, तर फारसं घाबरायचं कारण नाही. पण चालणारा मीटर उसना होता, आणि मास्क त्या दिवसापुरते कपाटातून बाहेर काढले होते.

मी गप्प बसले नाही. टाकी, मीटर, सगळं सरांपुढे बोलले. सरांनी माझ्यासाठी चहा मागवला. काल तपासणीचा निकाल आला: तयारी पूर्ण आहे. उसना मीटर परत गेला, स्ट्रेचर पुन्हा खोलीत आली. चिडून चिडून थकले मी. आता इथे काही बदलेल असं मला वाटत नाही.

तू विचारलं होतंस ना, त्याचं हे उत्तर. येऊ नकोस. बाबा रुसतील, रुसू देत. तुझी जागा काही रिकामी राहणार नाही. कुणाची तरी पोर येईल, तुझ्याच वयाची. नवा युनिफॉर्म घालून मला वाकून नमस्कार करेल. मी तिला ड्युटी समजावून सांगेन, ती खोली दाखवेन. तिच्या आईला मात्र मी असं पत्र लिहिणार नाही.

तुझीच,
आई