वन-इलेव्हनच्या शेपटाला ठिगळ

मी, मेव्हिस स्टिकलँड, कै. सिरिलची विधवा, राहणार हर्न, डॉर्सेट, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. डोकं ठिकाणावर आहे. तापलेलं आहे, ती गोष्ट वेगळी. आधीची मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. धावपट्टीच्या कुंपणालगत उभं असलेलं वन-इलेव्हन जेट माझ्या मालकीचं आहे. त्याचं शेपूट सिरिलने आणि मी इथल्याच कारखान्यात जोडलं. त्या विमानाने आधी इथल्या लोकांना स्पेनच्या उन्हात नेऊन आणलं, मग म्हातारपणी रुमानियात कष्ट उपसले. पुढे फार आवाज करतं म्हणून बंदी आली, तेव्हा ते शेवटचं इथेच उतरलं. भंगारवाल्याच्या तोंडातून आम्ही ते सोडवलं.

शेजारीण मिसेस मीच हिने त्या आवाजाविरुद्ध सह्या गोळा केल्या आणि त्याच उन्हाळ्यात त्याच विमानाने मायोर्काला गेली. कारखान्यात मी कानांवर चढवायची ती कानझाकणं तिला द्यावीत. मेलीला लाज नाही, निदान कान तरी झाकावेत.

२. विमान मी बुखारेस्टच्या इलिंका द्रागोमिरला देते. रुमानियाला ही विमानं बांधायचा परवाना मिळाला, तेव्हा ती इथे येऊन माझ्या हाताखाली रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचे खिळे, मारायला शिकली. ते काम दोघांचं. एक बाहेरून ठोकतो, दुसरा आत लोखंडी ठोकळा धरून बसतो. मध्ये पत्रा, तोंड दिसत नाही, बोलणं ऐकू येत नाही. म्हणून आतल्याने पत्र्यावर वाजवायचं. एकदा: अजून मार. दोनदा: झकास, पुढे चल. तीनदा: बिघडलं, काढून टाक.

सिरिल आत असायचा. लग्नाआधी माझ्या एका बिघडलेल्या रिव्हेटवर त्याने लाडाने दोनदा वाजवलं. तपासनिसाने ते पकडलं. "मला खूश करायला माणसं मारशील का रे?" मी सगळ्यांदेखत ओरडले. त्यानंतर त्याने कधी खोटं वाजवलं नाही, म्हणून तर लग्न केलं.

३. आता चिरंजीव क्लाइव्ह. बापाला पुरून आल्यावर, चहाच्या वेळी, तोंडात सँडविच कोंबून म्हणतो, "आई, त्या भंगाराचं शेपूट एका पबवाल्याला दारात उभं करायचंय. मी हो म्हणून बसलोय." आयत्या बिळावर नागोबा! मागच्या आठवड्यात माणसं आणून पत्रा कापायलाच लागला. मी झाडू घेऊन धावले.

"अरे, मी मरेपर्यंत तरी थांबायचंस!"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नाही!"

"मग?"

उलट मलाच विचारतो, मग!

४. घर क्लाइव्हला, पण एका अटीवर. त्याने पाडलेलं भगदाड त्यानेच बुजवायचं. बाहेर इलिंका, आत क्लाइव्ह, बापाच्या जागी, बापाचा ठोकळा धरून. ठिगळ इलिंकाला पटलं तर घर त्याचं. नाही तर घर विकून पैसे विमानाच्या देखभालीला लावावेत. कंबर दुखते ही सबब चालणार नाही. बापाचीही दुखायची.

५. शवपेटी बंद झाली की क्लाइव्हने झाकणावर बोटाने वाजवावं. खरं तर आतल्याने वाजवायचं असतं, पण मला जमणार नाही. एकदा, दोनदा की तीनदा, ते त्याचं त्याने ठरवावं. पत्र्यापलीकडचा माणूस मला कधी दिसला नाही, वाजवण्यावरूनच मी तो ओळखला.

लाडाने दोनदा वाजवू नकोस, क्लाइव्ह. मला कळतं.

सही: मेव्हिस स्टिकलँड

आम्हा दोघांसमोर सही केली, आणि सही करताना टेबलावर मूठ आपटली:
पर्सी हॅलेट, निवृत्त रंगारी
डॉर्कस लेग, टपाल कचेरी

हर्न, ११ ऑक्टोबर २००७