पॅडवर उतरलेला लाल

३ नोव्हेंबर, सोमवार

पल्लवीचा फोन. तिला बढती मिळाली – केनवडकडच्या आरोग्य केंद्रात इन्चार्ज सिस्टर. माझा आनंद घशातून बाहेर पडायच्या आत म्हणाली, "पण मी नाही म्हणून कळवणार आहे, आई."

का, तर तिथे बाळंतपणं अवेळी येतात. सकाळची एसटी मिळते, संध्याकाळची भरवशाची नाही. "गाडी चालवता आली असती तर गोष्ट वेगळी होती."

गाडी दारात आहे. आमची लाल एट हंड्रेड. मोतीबिंदूनंतर ह्यांनी चालवणं सोडलं, पण गॅरेजवाला म्हणतो इंजिन ठणठणीत आहे. पल्लवीचं लायसन्सही कपाटात आहे. अठराची झाली तेव्हा ह्यांनीच हौसेने काढून दिलं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पोरीने स्टिअरिंगला हात लावणं सोडलं. विचारलं की एकच उत्तर – "मला जमत नाही." धावत्या ॲम्ब्युलन्समध्ये सलाइन लावणारी मुलगी, आणि हे जमत नाही?

सतरा तारखेपर्यंत हो-नाही कळवायचं आहे.

४ नोव्हेंबर

गाडीवरचं कव्हर काढलं. लाल कुठला – कितीदा धुतलेल्या परकराचा रंग! टपावर हात फिरवला तर तळव्याला गुलाबी पीठ लागलं. आणि उन्हात सगळीकडे कोळ्याचं जाळं, गोल गोल ओरखड्यांचं.

हे जाळं कोणी विणलं ते मला ठाऊक आहे. सोयाबीन निघालं की मळणीयंत्राचं कुटार उडून आमच्या अख्ख्या मेडशी गावावर बसतं. हे रोज सकाळी जुन्या धोतराचा कोरडा तुकडा घेऊन ते पुसायचे. पाणी नाही, काही नाही, नुसतं प्रेमाने गोल गोल. कुटार म्हणजे बारीक कुसळं. वर्षानुवर्षं ह्यांनी गाडीला प्रेमाने खरवडलं.

ठरवलं. ही गाडी अशी चमकवायची की पल्लवीला बसावंसं वाटेल. वेडेपणा असेल. पण बोलून झालंय, रागावून झालंय. हे एक राहिलंय.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "लग्नाले उभी करतं का तिले?"

६ नोव्हेंबर

जीपने शेलूबाजारला जाऊन आले. ह्यांच्या पुतण्याचं, रवीचं, तिथे हायवेवर गाड्या धुण्याचं सेंटर आहे. पॉलिशचं मशीनही आहे. मला वाटलं होतं मशीन घ्यायचं आणि फिरवायचं. तसं नाही. मशीनला खाली पॅड चिकटवावा लागतो. लोकरीचा पॅड सगळ्यात कडक, खूप रंग कापतो. मग जाड स्पंजाचा. मग पांढरा, गालासारखा मऊ – तो फक्त चमक काढायला. पॉलिशही तसंच. कंपाउंड म्हणजे खरखरीत, दात घासायच्या राखेसारखं. शेवटचं पॉलिश सायीसारखं.

रवी म्हणाला, "काकू, लोकर लावा आन् कंपाउंड घ्या. एका झटक्यात चकाचक. कायले डोकं लावून राह्यल्या?"

"आणि रंग जास्त निघाला तर?"

"त निघाला. बावीस वर्साची म्हातारी हाये ते."

"मी त्रेसष्टची आहे, रवी."

हसला लेकाचा. चहा पाजला.

मला सिस्टर बेनेडिक्टांची आठवण झाली. कॉन्व्हेंटमध्ये इस्त्री शिकवताना त्या म्हणायच्या, आधी उलट्या बाजूला, शिवणीच्या आत, कोमट इस्त्री. कापड काय म्हणतं ते ऐका, मग उष्णता वाढवा. पन्नास वर्षांनी ते शिक्षण मोटारीला लावते आहे. मी तिन्ही पॅड घेतले, पण सुरुवात मऊपासून करणार. मशीन रवीने असंच दिलं. "तुटलं तं काकाले सांगू नका, मले सांगा." चांगला मुलगा आहे. तोंडाने वात्रट, एवढंच.

८ नोव्हेंबर

गाडी दोनदा धुतली, सावलीत घेतली. दारांच्या कडांना कागदी चिकटपट्टी लावली, कारण कडेला रंग पातळ असतो. डिकीच्या खालच्या कोपऱ्यात, कोणाला दिसणार नाही तिथे, रुमालाएवढी जागा धरली. पांढरा मऊ पॅड, सायीसारखं पॉलिश, चण्याएवढे चार ठिपके. मशीन सावकाश.

थांबवून पॅड उलटा केला. पॅड लालभडक. रक्तासारखा.

ह्यांना हाक मारली. हे आले, बघितलं, म्हणाले, "झालं. सोलली गाडी."

रवीला फोन लावला. तो तिकडून खो खो हसायला लागला. "काकू, तो मेलेला रंग हाये. तुमच्या गाडीले नुसता रंगच हाये, वरून काचेवानी थर नाही. नव्या गाडीले असते तो. तुमच्या गाडीचा लाल पॅडवर येनच. नाही आला तं मले फोन करा."

फडक्याने पुसलं. खाली – काय सांगू. ती शोरूममधून आणली त्या दिवशीचा लाल. रुमालाएवढा.

९ नोव्हेंबर, रविवार

पल्लवी वाशिमहून आली. तिला तो लाल रुमाल दाखवला. "छान आहे," म्हणाली, आणि पिशवी घेऊन सरळ आत गेली. जाताना गाडीला वळसा घालून गेली, उजवीकडून. जवळचा रस्ता डावीकडून आहे.

उगाच काहीतरी दिसतं मला.

१० नोव्हेंबर

पांढरा पॅड सापडत नाही. धुऊन मोरीच्या कठड्यावर वाळत टाकला होता. शोधून थकले. शेवटी धनीबाई, जी आमच्याकडे धुणीभांडी करते, तिच्या हातात दिसला. तव्यावर!

"धनीबाई, हे काय?"

"घासणी हाये नं ताई? मऊ हाये, बुढीच्या हातावानी. काही निंगत नाही इच्यानं. पैशे वाया गेले तुमचे."

रागवावं की हसावं. तव्याची काजळी स्पंजात शिरली, आता तो गाडीला लावायचा नाही. रवीने दुसरा एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवतो म्हणून सांगितलं. पहिला धनीबाईला देऊन टाकला. खूश झाली, पण म्हणाली, "नारळाची शेंडी बरी याच्यापक्षा."

१३ नोव्हेंबर

बॉनेट, टप, डिकी, उजवी बाजू – झालं. जिथे मऊ पॅड पुरला नाही तिथे जाड स्पंज आणि थोडं कंपाउंड, मग पुन्हा मऊ. लोकरीचा पॅड पिशवीतून काढलाच नाही. दर वेळी पॅड धुतला की बादलीभर लाल पाणी. धनीबाई म्हणाली, होळी आली का.

हात भरून आलेत, पण मन कसं हलकं आहे. हॉस्टेलचा लाल सिमेंटचा व्हरांडा आठवतो. शनिवारी आम्ही मुली त्यावर मेण लावायचो. एकीने जुन्या घोंगडीवर बसायचं, दोघींनी ओढायचं, आणि घोंगडीखाली फरशी आरशासारखी व्हायची. मी सगळ्यात हडकुळी, म्हणून बसायचा मान दुसरीला आणि ओढायचं काम मला. माझ्या बाबांनी रेल्वेत हमाली करून मला तिथे ठेवलं होतं. आमच्या वस्तीतून तिथे गेलेली पहिली मुलगी मी. बाबा भेटायला आले की त्या फरशीवर चप्पल काढून पाऊल ठेवायचे. म्हणायचे, "माझ्या पोरीनं घासली हाये." लोक म्हणायचे, मुलीला कॉन्व्हेंटमध्ये घालून फरशी पुसायला लावतात. बाबांना त्यात फक्त चमक दिसायची.

बॉनेटमध्ये आज माझा चेहरा दिसला. बाबांचंच नाक.

१५ नोव्हेंबर

डावं पुढचं दार घेतलं. तोच मऊ पॅड, तेच पॉलिश.

पॅड पांढरा.

पुन्हा फिरवला. पांढराच. मागचं दार घेऊन पाहिलं – लाल आला. पुन्हा पुढचं – पांढरा. एका गाडीची दोन दारं, शेजारी शेजारी.

रवीला फोन केला. या वेळी हसला नाही. "काकू, त्या दारावर क्लिअर कोट हाये, काचेवाला थर. कंपनीचं नाही ते. नंतर पेंट झालं. ठोकलं असन कोनं."

कोणी ठोकलं? ही गाडी आमच्याशिवाय कोणी चालवली नाही.

ह्यांच्याकडे गेले. पेपर वाचत होते.

"डावं दार कधी रंगवलं?"

"कोनतं डावं?"

"डावं पुढचं. ते एकच असतं."

"ऊन लागलं असन एका बाजूनं." पेपर वर गेला. पेपर उलटा नव्हता, पण तेवढंच काय ते.

मी पुढे विचारलं नाही. चाळीस वर्षांत ह्यांना खोटं बोलताना पाहिलं नाही. कसं बोलतात ते आज पहिल्यांदा पाहिलं – इतकं वाईट, की दया आली.

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहायला बसले आहे, पण कुठून सुरू करू.

पल्लवी आली. मी मुद्दाम नाही – खरंच मुद्दाम नाही – डाव्या दारापाशी होते. ती फाटकातच थांबली.

"आई, तेवढं दार राहू दे."

"का गं?"

"राहू दे म्हटलं ना."

मी पॅड उलटा करून दाखवला. म्हटलं, सगळी गाडी लाल उतरते, हे दार उतरत नाही. ती बघत राहिली. मग पायरीवर बसली. छत्तीस वर्षांची बाई, गुडघे पोटाशी घेऊन.

लायसन्स मिळालं त्याच आठवड्यात हे तिला पातूरच्या रस्त्याला चालवायला घेऊन गेले होते. समोरून कापसाने भरलेली बैलबंडी आली, ती घाबरली, चाक डावीकडे ओढलं. डावं दार पुलाच्या कठड्याला. "बाबा त्या बाजूला बसले होते, आई. दार आत आलं. ते बोलेचनात. मला वाटलं, मी बाबांना मारलं."

हे मागे येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "बोलत होतो मी. हळू बोलत होतो."

"नव्हते बोलत."

"अं… थोडा येळ नसन."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? मग हेच म्हणाले, "तू अकोल्याले होती. तुहे बाबा दवाखान्यात. त्याइचे शेवटचे दिवस. तुले अजून कायले सांगाचं? मी पोरीले म्हनलं, आईले सांगू नको. तू परत याच्या आंधी दार रंगवून घेतलं."

आणि मला हात आठवला. बाबांचं सगळं आटोपून मी परत आले तेव्हा ह्यांचा डावा हात वर होत नव्हता. न्हाणीत घसरलो म्हणाले होते. मी महिनाभर तिळाचं तेल कोमट करून चोळला.

पल्लवी म्हणाली, "तू रोज चोळायचीस. मी समोर पुस्तक धरून बसायचे. तू म्हणायचीस, न्हाणीची फरशीच मेली वाईट. आई, तू फरशीला शिव्या द्यायचीस."

तिला जवळ घेतलं. अपघात मुळात एवढा मोठा नव्हता, गप्प राहण्यानेच तो एवढा मोठा झाला असावा. जी गोष्ट आईलासुद्धा सांगायची नाही, ती केवढी भयंकर असेल, असंच वाटलं असणार त्या वयात. ह्यांनी माझं दुःख हलकं करायला जे केलं, त्याचं ओझं पोरीने उचललं. कोणाला बोल लावू? मला तिघांचीही – माझ्या बाबांचीसुद्धा – मायाच येते आहे.

ह्यांना एवढंच म्हटलं, "दुसऱ्या दुकानात न्यायची होती. रंग जरा केशरी मारतोय."

"घाईत होतो," हे म्हणाले.

पल्लवी हसली. रडता रडता, पण हसली.

१७ नोव्हेंबर

सकाळी मेसेज. "हो म्हणून कळवलं. आता शिकवा."

२२ नोव्हेंबर, शनिवार

गावाबाहेरची खळी रिकामी झालीत. रवी गाडी तिथे घेऊन गेला, मग पल्लवी स्टिअरिंगवर. डावीकडे कोण बसणार म्हणून रवी पुढे झाला, तर हे म्हणाले, "सरक. ते माही जागा हाये."

मी मागे. पल्लवीचे हात पांढरे पडलेले, गिअर करकरला. हे खिडकीबाहेर हात काढून बसलेले, जसे काही वरातीत आहेत. "चाल पोरी, इथं बंडी नाही का कठडा नाही. फक्त तुही माय हाये, ते मागं बसली."

दोन फेऱ्या. मग पाच. मग मी मोजणं सोडलं.

३० नोव्हेंबर

शेवटचा मेणाचा हात दिला. डाव्या दारालाही दिला, त्याला वेगळा पॅड, वेगळं फडकं. उन्हात उभी केली. जाळं गेलं. ते एक दार थोडं केशरी आहे, आता माझ्या डोळ्यांना ते सगळ्यात आधी दिसतं, आणि बरं वाटतं.

उद्या पहाटे पल्लवी निघणार. ह्यांना कोरड्या धोतराला हात लावायची बंदी केली आहे.

११ डिसेंबर

दुपारी पल्लवीचा फोन. आरोग्य केंद्राच्या आवारात गाडी मागे घेताना हातपंपाच्या ओट्याला मागचा मडगार्ड घासला. हातभर लांब ओरखडा, पत्र्यापर्यंत. बाबांना अजून सांगितलं नाही म्हणाली – आधी तुला फोन केला.