तरवडाची डावी फुलं

३ नोव्हेंबर

पाय मोडला तो मोडलाच! कपाटातलं पुस्तक काढताना स्टुलावरून पडले. आता मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. आमच्या झाडांच्या पुस्तकातलं तरवडाचं प्रकरण अर्धं राहिलंय. झुडपं टेकडीवर, मी खाटेवर.

ताई म्हणाली, "तू लिही. मी जाऊन चित्रं काढून आणते." जन्मभर असंच चाललंय — ती काढते, मी लिहिते, पुस्तकावर नावं दोघींची. भांडायचं खातं मात्र एकट्या तिच्याकडे.

६ नोव्हेंबर

पानांची चित्रं आली. देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी उपपर्णं, पर्णिकांच्या दर जोडीमध्ये बारीकशी ग्रंथी, शेंग चपटी, कागदी. सुरेख! पण डावीकडच्या पर्णिका पुसट. विचारलं तर, "आधी चष्मा बदल तुझा." नाकावर राग!

९ नोव्हेंबर

ताई हल्ली अर्धं ताट टाकून उठते. "भूक नाही का?" — "सगळं संपवलं की!" काल दाराच्या चौकटीवर खांदा आपटून घेतला. वय झालं दोघींचं. पण बोलायची सोय नाही, घर डोक्यावर घेईल.

१२ नोव्हेंबर

फुलांची चित्रं!

तरवडाच्या पिवळ्या फुलात स्त्रीकेसर मधोमध नसतो, कोयत्यासारखा एका बाजूला वळतो. काही फुलांत डावीकडे, काहींत उजवीकडे — आणि एकाच झुडपावर दोन्ही. मध नसतोच. भुंगा येतो परागांसाठी. आखूड पुंकेसरांवरचे खातो, लांब पुंकेसरांवरचे त्याच्या अंगाला एका कुशीवर लागतात. तेच मग उलट्या वळणाच्या फुलाला मिळतात. डाव्याला उजवं लागतं, उजव्याला डावं.

आणि ताईच्या वीसेक फुलांत डावं एकही नाही!

"नीट बघितलंस ना?"

"दिसतं ते काढते मी. एवढ्या वर्षांत चुकलेय कधी?"

नाही चुकली. खरंच नाही. म्हणजे आमच्या टेकडीवरचा तरवड वेगळा! आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेलं नीटनेटकं करून लिहीत आले. हे एक माझं असेल.

१३ नोव्हेंबर

आमच्या जुन्या सरांना फोन केला. "स्वतः बघितलंत?" म्हटलं, ताईने बघितलं म्हणजे मीच बघितलं. ताई मागून ओरडली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! हिच्या तर प्लास्टर!" खूप हसलो.

१८ नोव्हेंबर

या जातीला ताईचं नाव द्यावं. तिला सांगितलेलं नाही, शेफारेल.

२४ नोव्हेंबर

ताई उशिरा आली, घामाघूम. रोजची वाट चुकली. "घराचं वळणच सापडेना गं." पहिल्यांदाच घाबरलेली दिसली. मग माझ्यावरच खेकसली, तेव्हा बरं वाटलं.

३ डिसेंबर

प्लास्टर निघालं. काठी टेकत, ताईचा दंड धरून टेकडीवर गेले.

पहिल्याच झुडपावर डावी फुलं. दुसऱ्यावरही. निम्मी डावी, निम्मी उजवी, पुस्तकात असतात तशी. मी आधी रागावले. हो, रागावलेच! एक डावं फूल तोडून तिच्यासमोर धरलं. "हे काय मग? दिसत नाही तुला?"

"उजवंच तर आहे," ती म्हणाली आणि माझी जिरवायला तिथेच दगडावर बसून काढू लागली. मी मागे उभी. समोर डावीकडे वळलेला स्त्रीकेसर, आणि ताईची पेन्सिल तो कागदावर उजवीकडे वळवत होती. शांतपणे, सुंदर, खाडाखोड नाही. डावीकडच्या पाकळ्या तिने काढल्याच नाहीत. "झालं," म्हणून माझ्याकडे ऐटीत बघितलं.

मला तिचं अर्धं ताट आठवलं. घरी आल्याबरोबर डॉक्टरांची वेळ घेतली.

६ डिसेंबर

मेंदूत उजव्या बाजूला गाठ. डॉक्टर म्हणाले, "डोळे ठीक आहेत हो. डावीकडे काही असतं, हेच मेंदूला उमगत नाही. तिकडचं एक तर गळून जातं, नाहीतर उजवीकडे जाऊन बसतं." गाठ काढता येण्यासारखी नाही.

आणि मी तिचं दुखणं हातात धरून नाचत होते! त्याला नाव द्यायला निघाले होते! थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतंय.

सरांना कळवलं. तरवड साधाच निघाला.

१९ डिसेंबर

हॉस्पिटलात जागा एवढीशी. पलंगाची उजवी बाजू भिंतीला लागलेली. मी डावीकडे, तिचा हात हातात घेऊन बसलेली. मी बोलले की ती भिंतीकडे बघते. आज भिंतीलाच म्हणाली, "सिस्टर, धाकटीला बोलवा ना माझ्या. तिला भेटल्याशिवाय नाही जायचं मला."