बार्नीचं आडनाव

मॉरीन,

बार्नीच्या पायाच्या ऑपरेशनला अठराशे पौंड लागले. तेराशे विम्यानं दिले. कुत्रा म्हातारा म्हणून मालकाच्या माथी पडलेले पाचशे मी हौसेनं भरले. हे पत्र टाकायचं नाहीच, म्हणून खरं सांगतो. मला सोडून, बार्नीला घेऊन तू केनशी लग्न केलंस, ते मी गिळलं. पण दवाखान्यात नर्सनं पुकारलं, "बार्नी पिकरिंग!" विम्याच्या कागदावर कुत्र्यालाही केनचं आडनाव?

मी म्हटलं, "बाई, हा बार्नी ऑल्डक्रॉफ्ट. दहा वर्षं माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही."

"असं होय, आजोबा? मग तुम्हीच न्या की घरी!" ती हसली.

तेवढ्यात केन आला. मी दोनदा हाक मारली. बार्नी तीन पायांवर लंगडत केनकडे गेला.

स्टॅन ऑल्डक्रॉफ्ट