तुझ्या नावाची काडी

रॉचेस्टर, मिनेसोटा

प्रिय ऑर्विन,

आई मजेत आहे, मीही बरी आहे. इस्पितळातली कॉफी मात्र अगदी पाणचट. गाईंचं कसं चाललंय?

मला अस्थिमज्जा द्यायला तू जुळतोस का, त्याचा निकाल आला. डॉक्टर म्हणाले, आपल्या पेशी आतल्या मालाचे तुकडे बाहेर ताटल्यांवर मांडून ठेवतात, शरीराच्या पहारेकऱ्यांनी तपासावेत म्हणून. ताटल्यांचा एक संच आईकडून येतो, एक बाबांकडून. सख्ख्या भावंडांचंही कधी कधी काहीच जुळत नाही. पण तुझं आईशीसुद्धा काहीच जुळत नाही, आणि असं होऊच शकत नाही.

नर्सने हळूच विचारलं, "भाऊ सख्खा आहे ना?"

आई फणकारली, "तो झाला तेव्हा मी तिथेच होते, बाई!"

म्हणून विचारते, तपासणीसाठी तुला पाठवलेली ती कापसाची काडी तू कुणाच्या गालात फिरवलीस? शेजारच्या टिलमनच्या? रोज तुझ्याकडे पत्ते खेळायला येतो, आणि त्याला कुणालाच नाही म्हणता येत नाही. वासराला सुई टोचताना तूच चक्कर येऊन आडवा झाला होतास, ते मी विसरलेले नाही.

भीती वाटत असेल तर तसं लिही. मलाही वाटते. पण माझ्या जिवाशी गाठ असताना शेजारी पाठवू नकोस.

तुझी सख्खी बहीण,
अर्लिस