सोमेशच्या बियरचा नमुना

३ फेब्रुवारी, सोमवार
बेंगळुरूला तूर टाकून आलेला ट्रकवाला सकाळी आडतीवर आला. गोणपाटात गुंडाळलेली बाटली गादीवर ठेवली. म्हणला, सोमेशनं दिलीय, दुकानात द्या म्हणला.
तीन वर्षांनी पोरगा नरमला. मला माहीत होतंच. इंजिनियर होऊन बियरच्या कंपनीत लागला तेव्हा मी सांगितलं होतं, लिंगायताच्या घरात दारू गाळणारा नको, मुरूम गावात पाय ठेवू नकोस. ते रागानं नव्हतं. शिस्त म्हणून.
बाटली लगेच फेकणार होतो. पण काच आहे, कुणाच्या तरी पायात जायची. गोदामात ठेवली. तात्पुरती.

५ फेब्रुवारी
सोमेशची आई शांताक्का रोज पोराशी फोनवर कन्नडमध्ये बोलते. मी ऐकत नाही. आज ऐकू आलं. सोळा तारखेला सोमेशचं लग्न, तिकडंच. पोरगी प्रतीक्षा, त्याच्याच कंपनीतली.
फोन ठेवल्यावर सहज विचारलं, माझं काही बोलला का? शांताक्का म्हणाली, "तुम्हीच लावा की फोन. बापानं लावला तर काय बिघडतंय?"
गरज नाही. आधी बाटली आली, आता फोन येणार. असल्या गोष्टी क्रमानं होतात.

७ फेब्रुवारी
ठरवलं. बाटलीची चव बघायची. पिणं वेगळं, नमुना बघणं वेगळं. आयुष्यात तूर दाताखाली घेतल्याबिगर भाव सांगितला नाही. उद्या पोराचा फोन आला तर मालाबद्दल चार शब्द बोलता आले पाहिजेत.
यूट्यूबवर अभ्यास केला. साधी बियर नव्हं ही. व्हिस्कीच्या जुन्या लाकडी पिपात वर्षभर मुरवलेली. बारा टक्के अल्कोहोल. रुंद तोंडाचा ग्लास पाहिजे, लई थंड नको, आधी वास घ्यायचा, मग छोटा घोट.
म्हणजे काल घरी आणून फ्रीजमध्ये ठेवली ती चूक. काढायला गेलो तर दह्याच्या पातेल्यामागची बाटली शांताक्कानं पुसून सरळ करून ठेवलेली.

१० फेब्रुवारी
फोन नाही. रेंजचा प्रॉब्लेम असणार. आडतीतल्या कोपऱ्यात रेंज जास्त येते, म्हणून दिवसभर तिथंच बसलो. गिऱ्हाईक विचारत होते, शेट, गादी सोडून इथं कुठं?

१३ फेब्रुवारी
शांताक्का निघाली. सोलापूरपर्यंत एसटी, पुढं रेल्वे. स्टँडवर म्हणाली, "अजूनबी चला. अंगावरच्या कपड्यावर चला." मी म्हणलो, तुरीचा सीझन आहे, आडत कुणावर टाकू? एसटी हलली तेव्हा खिडकीतून माझ्याकडं बघत होती. मी पलीकडच्या गाडीचा बोर्ड वाचत होतो.
सोमेश आज नाहीतर उद्या फोन करणारच. त्याची अव्वा एकटी आली बघून तरी करेल.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ
नमुना बघितला.
शटर खाली ओढलं. साक्षीला उत्तरेश्वर. शाळेपासूनचा दोस्त, फौजेतून रिटायर, रोज माझ्या आडतीवर बसतो. असल्या कामातला जाणकार. बाटली दाखवून म्हणलो, सोमेशनं माझ्यासाठी धाडलीय. त्यानं बाटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि ग्लास पुसायला लागला.
रंग काकवीसारखा. वासात भाजलेली कॉफी, गुऱ्हाळाचा धूर, ओलं लाकूड. पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं. दुसऱ्याला छातीत ऊब. तिसऱ्याला कडूच्या मागनं गोड आलं, अन् ते जाईचना.
उत्तरेश्वर म्हणाला, "पोरानं जीव ओतलाय रे शिवपुत्रा." मी म्हणलो, बरी आहे. डोळ्यात पाणी आलं. बारा टक्के म्हणल्यावर येणारच.
तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सोमेशच. उत्तरेश्वरला ऐकू कमी येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर.
"काका, बाटली मिळाली का? तुम्ही मागितलेली तीच. तुम्ही दुकानात असता म्हणून तिथं द्यायला सांगितली. अप्पांच्या हाताला तर लागली न्हाय ना? फेकून देतील."
ग्लास माझ्या हातात होता.
उत्तरेश्वर म्हणाला, "न्हाय रे. नीट पोचली."
"कशी झालीय? खरं सांगा."
त्यानं फोन माझ्या तोंडापुढं धरला. मी नको म्हणून मान हलवली. दुसऱ्याच्या फोनवर आपण बोलणं बरं दिसत नाही. आणि काय बोलायचं ते सगळं ठरवलेलं होतं, पण एकदम आठवेना. फोन तसाच हवेत. आतनं "काका? हॅलो, काका?" चाललेलं.
शेवटी उत्तरेश्वरच म्हणाला, "लई भारी. रडवलंस बघ."
सोमेश हसला. लहान होता तेव्हा हसायचा तसाच, मधेच श्वास अडकून. फोन बंद झाला.
उरलेली बाटली उत्तरेश्वरला दिली. घेईना. मी म्हणलो, घे, मला असलं चालत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
दुपारी शांताक्काचा व्हिडिओ कॉल आला. मोबाईल तिकडल्या कुणीतरी धरलेला. अक्षता पडल्या. पोरगा वाळलाय. पोरगी चांगली दिसली. जोडी पाया पडायला खाली उतरली. पोरीचे आईबाप शेजारी शेजारी बसलेले. शांताक्काच्या शेजारी एक खुर्ची रिकामी, तिच्यावर तिनं पर्स ठेवली होती. सोमेश तिच्या पाया पडला, मग जरा थांबला, आणि पुढं गेला.
हॉलवाल्यांनी खुर्च्या जास्त मांडल्या होत्या. उगाच.